अनवाणी बोगी

दक्षिण कोरियात गेली पंचवीसहून अधिक वर्षं गोल्फच्या ज्या एका फटक्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली जाते, त्या फटक्याने चेंडू गेला तरी कुठे? भोकात नाही, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर म्हणजे ग्रीनवर नाही, झेंड्याच्या आसपासही नाही. पाण्याच्या काठावरून उडाला आणि पलीकडच्या वाढलेल्या गवतात जाऊन पडला, एवढंच. त्या होलवर तो फटका मारणाऱ्या से री पाकला शेवटी बोगी मिळाली, म्हणजे जितक्या फटक्यांत काम व्हायला हवं त्याहून एक जास्त. गोल्फच्या हिशोबात ही चूकच. पण त्या बोगीवर एका देशाने जीव टाकला.

६ जुलै १९९८, सोमवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात कोहलर नावाचं गाव आहे, तिथलं ब्लॅकवुल्फ रन हे मैदान. यूएस विमेन्स ओपन खरं तर रविवारीच संपायची, पण ७२ होलनंतर दोघी जणी २९० फटक्यांवर बरोबरीत राहिल्या. मग त्या काळच्या नियमानुसार दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल. एक होती से री पाक, वय २०, एलपीजीए टूरवरचं, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतलं, तिचं पहिलंच वर्ष. दुसरी जेनी चुआसिरिपॉर्न, तीही २० वर्षांची, ड्यूक विद्यापीठात शिकणारी हौशी खेळाडू. तिचे आईवडील थायलंडहून आलेले, मेरीलँडमध्ये रेस्टॉरंट चालवणारे. रविवारी शेवटच्या होलवर जेनीने जवळजवळ ४० फुटांवरून पट मारून, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात घरंगळवून, बरोबरी साधली होती आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली होती.

सोमवारी सतरा होल झाले तरी दोघी पुन्हा बरोबरीत. अठराव्यावर से रीचा पहिलाच फटका डावीकडे भरकटला आणि तळ्याच्या उताराला, पाण्यापासून हातभर अंतरावर, गवतात अडकून राहिला. तिथे उभं राहायलाच जागा नाही. दंड घेऊन चेंडू बाहेर टाकायचा आणि पुढे खेळायचं, हा शहाणा मार्ग होता. ती बराच वेळ वरून बघत राहिली, क्लबांची पिशवी सांभाळणाऱ्या कॅडीशी बोलली, खाली उतरली, पुन्हा बघितलं. मग बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली. सततच्या उन्हाने पोटऱ्या रापून तांबूस झालेल्या आणि घोट्याखाली पावलं पांढरीफटक. वेज, म्हणजे चेंडू उचलून मारायचा क्लब, घेऊन तिने तो चेंडू कसाबसा बाहेर काढला.

ही चित्रफीत मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. मी गोल्फ खेळलेले नाही, खेळायची शक्यताही नाही. पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या बहुतेकांना गोल्फ ठाऊक असतो तो येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकापुरता, रिक्षावाल्याला सांगायची खूण म्हणून. तरी त्या पांढऱ्या पावलांवरून नजर हटत नाही. एखाद्या माणसाने किती तास उन्हात काढले आहेत याचा हिशोब असा उघड्यावर मांडलेला क्वचित दिसतो.

पुढे काय झालं हे मात्र चित्रफितीत सहसा नसतं. जेनीला जिंकायची संधी होती. ‘पार’ साधायला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल संपवायला, एक पट पुरला असता, तो हुकला, आणि तिलाही बोगी मिळाली. म्हणजे से री वाचली ती जितकी स्वतःच्या हिमतीने, तितकीच दुसरीच्या चुकलेल्या पटने. मग सडन डेथ, म्हणजे जी आधी एखादा होल जिंकेल ती विजेती. दुसऱ्या जादा होलवर, म्हणजे एकूण ९२व्या होलवर, से रीने सुमारे १८ फुटांवरून बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, केली आणि वडील धावत मैदानात आले. जेनी पुढच्या वर्षी व्यावसायिक झाली, पण तिथे तिचा जम बसला नाही. काही वर्षांत तिने खेळ सोडला, नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि व्हर्जिनियात परिचारिका म्हणून काम करू लागली. विजेत्यांच्या चरित्रात अशा माणसांना एका ओळीची जागा मिळते. मला ती ओळ नेहमी खटकते. ज्या दिवसावरून कोरियात पिढीचं नाव पडलं, त्या दिवसाची अर्धी मालकीण ती आहे.

कोरियात तेव्हा मंगळवारची पहाट होती आणि लोक जागे होते. तो काळच झोप उडवणारा होता. १९९७च्या नोव्हेंबरात परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली आणि देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. कोरियन माणसं आजही त्या काळाला नुसतं ‘आयएमएफ’ म्हणतात, दुष्काळाला सालाचं नाव द्यावं तसं. बँका बुडाल्या, मोठे उद्योगसमूह कोसळले, आयुष्यभराची म्हणून धरलेली नोकरी एका चिठ्ठीवर गेली. १९९८च्या सुरुवातीला देशाचं कर्ज फेडायला लोकांनी घरातलं सोनं आणून द्यायची मोहीम झाली. सुमारे ३५ लाख लोक रांगेत उभे राहिले, लग्नातल्या अंगठ्या आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या इवल्या अंगठ्या घेऊन, आणि जवळजवळ २२७ टन सोनं जमा झालं. अंगावरचं सोनं मोडायची वेळ घरावर येते तेव्हा काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

अशा वेळी ही मुलगी पाण्यात उतरली. सरकारने ते दृश्य उचललं आणि त्याची जाहिरात केली. पार्श्वसंगीताला घेतलं एक जुनं गाणं, ज्याच्यावर लष्करी राजवटीत बंदी होती. गंमत बघा: जे गाणं गाण्याची एके काळी चोरी होती ते सरकारी प्रचाराला लागलं, आणि जो खेळ श्रीमंतांचा माज म्हणून हिणवला जायचा तो राष्ट्रीय हिमतीचं चिन्ह झाला. कोरियात गोल्फवर चैनीच्या वस्तूसारखा जादा कर होता. काही वर्षांपूर्वीच राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी मैदानावर फिरकूसुद्धा नये असा संकेत होता. संकटात सापडलेल्या देशाने आपली प्रतिमा शोधावी ती गोल्फमध्ये, हे कुणालाही आधी सुचलं नसतं.

से री देजॉन शहरातली. शाळेत ती धावायची, गोळाफेक करायची. वडील पाक जून-चुल स्वतः गोल्फचे वेडे. मुलीच्या अंगातली ताकद त्यांनी हेरली आणि मग तिचं बालपण हा त्यांचा प्रकल्प झाला. पहाटे इमारतीचे पंधरा मजले चढायचे आणि उतरायचे. अंधार पडेपर्यंत चेंडू मारायचे. भीती जावी म्हणून वडील तिला रात्री स्मशानाजवळ नेऊन सराव करायला लावत, ही गोष्ट अमेरिकन पत्रकारांना फारच आवडली. तिच्यात तिखटमीठ किती आणि खरं किती, यावर नंतर बरीच चर्चा झाली. मला ती गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती सांगितली कशी गेली हे महत्त्वाचं वाटतं. कौतुकाने सांगितली गेली. बघा, बाप असावा तर असा. आपल्याकडेही सकाळी मैदानाच्या कडेला स्कूटर लावून, नेटमधल्या पोराच्या प्रत्येक चुकलेल्या चेंडूवर मान हलवणारे बाप दिसतात. पोरगं निवड समितीपर्यंत पोचलं तर बापाचा त्याग, नाही पोचलं तर बापाचा हट्ट. निकालावरून नाव ठरतं.

से रीच्या बाबतीत निकाल तर डोळे दिपवणारा होता. विस्कॉन्सिनच्या आधी मे महिन्यातच तिने एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली होती. विस्कॉन्सिननंतर जेमतेम चार दिवसांत ती टोलेडोच्या स्पर्धेत उतरली, एका फेरीत ६१ फटक्यांचा विक्रम केला आणि नऊ फटक्यांनी जिंकली. ती स्पर्धा पुढे तिने एकूण पाच वेळा जिंकली. पहिल्याच वर्षी चार विजेतेपदं. त्याच वर्षी ती मायदेशी आली तेव्हा सत्कार, मिरवणुका, भेटीगाठी यांचा असा मारा झाला की ती थकून आजारी पडली आणि रुग्णालयात दाखल झाली. तिथेही टीव्हीचे कॅमेरे खाटेपर्यंत पोचले. एकवीस वर्षांची मुलगी सलाईन लावून पडली आहे आणि देश बातम्यांत तिला बघतो आहे. अनवाणी पावलांइतकंच हे दृश्यही त्या वर्षाचं आहे, फक्त त्याची जाहिरात कुणी केली नाही.

पुढची कारकीर्द आकड्यांत सांगायची तर एलपीजीएची २५ विजेतेपदं, त्यांत पाच मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा. २००१ची ब्रिटिश ओपन सनिंगडेलला, एलपीजीए चॅम्पियनशिप पुन्हा २००२ आणि २००६ मध्ये. पण ती ज्या काळात खेळली तो अ‍ॅनिका सोरेनस्टॅमचा काळ. १९९८, २००१, २००२ आणि २००३ या चारही वर्षी कमाईच्या यादीत अ‍ॅनिका पहिली आणि से री दुसरी. वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा मान तिला एकदाही मिळाला नाही. २००३ मध्ये अ‍ॅनिका अमेरिकेत पुरुषांच्या स्पर्धेत उतरली आणि कट, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांसाठीची पात्रता, हुकला, तरी जगभर तिचीच चर्चा झाली. त्याच वर्षी से री कोरियातल्या पुरुषांच्या स्पर्धेत खेळली, कट पार केला आणि दहाव्या क्रमांकावर बरोबरीत आली. हे मात्र कोरियाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही.

२००४च्या मे महिन्यात हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे गोल्फमधल्या मानकऱ्यांच्या यादीसाठी, लागणारे गुण तिच्या खात्यात जमा झाले. वय २६. टूरवर दहा वर्षं पूर्ण व्हायची अट तेवढी उरली होती. आणि तिथेच गाडी रुळावरून उतरली. चेंडू कुठेही जाऊ लागला. २००५ मध्ये तर दुखापतीने अर्धं वर्ष घरी बसावं लागलं. तिने नंतर अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की सराव कसा करायचा हे तिला शिकवलं गेलं, विश्रांती कशी घ्यायची हे कुणी शिकवलं नाही. एक दिवस क्लब हातात घेतला नाही तर अपराधी वाटायचं. हे वाचलं तेव्हा त्या पंधरा मजल्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. जिन्याने तिला वर नेलं, खरं आहे. पण थांबायचा मजला कोणता, हे त्या सरावात नव्हतं.

२००६च्या जूनमध्ये ती परत आली. मेरीलँडमधल्या बुल रॉक मैदानावर, कॅरी वेबविरुद्ध, बरोबरी फोडायचा प्लेऑफ. २०१ यार्डांवरून हायब्रिड क्लबने मारलेला चेंडू भोकापासून काही इंचांवर थांबला. कौशल्य म्हणून हा फटका त्या तळ्यातल्या फटक्यापेक्षा कितीतरी वरचा. माझं मत विचाराल तर तिच्या आयुष्यातला सर्वोत्तम. पण त्याचं स्मारक होणार नाही, कारण त्या दिवशी कोरियाचं काही अडलं नव्हतं. पुढच्या वर्षी, वयाच्या तिशीत, ती हॉल ऑफ फेममध्ये गेली.

आता तिच्या मागून आलेल्या मुलींकडे. कोरियात त्यांना ‘से री किड्स’ म्हणतात. १९९८च्या त्या पहाटे दहा वर्षांचीही न झालेली इनबी पाक आईवडिलांच्या जल्लोषाने जागी झाली आणि थोड्याच दिवसांत तिने क्लब हातात घेतला. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, तिने तीच यूएस विमेन्स ओपन जिंकून सगळ्यात लहान विजेतीचा से रीचा विक्रम मोडला. पुढे तिच्या नावावर सात मेजर झाल्या. शिन जियाई त्याच पिढीची, चोई ना-यिओनही. २००५ ते २०२० या १६ वर्षांत यूएस विमेन्स ओपन दहा वेळा कोरियन मुलींनी जिंकली. २०१२ मध्ये ती स्पर्धा पुन्हा ब्लॅकवुल्फ रनला आली तेव्हा जिंकली चोई, आणि अठराव्या ग्रीनवर शॅम्पेन उडवायला से री हजर होती.

याला प्रेरणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. प्रेरणा सकाळी उठून मिळते आणि दुपारपर्यंत विरते. टिकलं ते दुसरंच काही. एका फटक्याने कोरियन बापांना एक नकाशा मिळाला: मुलगी, गोल्फ, अमेरिका. कितीतरी घरांनी त्यावर जमापुंजी लावली. काही जण नोकऱ्या सोडून मुलींबरोबर परदेशी गेले, काही स्वतःच कॅडी झाले. कंपन्यांनी पैसा लावला, कारण से रीचा प्रायोजक असलेल्या सॅमसंगला काय मिळालं हे त्यांनी पाहिलं होतं. देशांतर्गत टूर वाढली. आणि २००० साली, से रीच्याच देजॉन शहरात, गोल्फझोन ही कंपनी सुरू झाली. पडद्यावर मैदान दाखवायचं आणि समोर खरा चेंडू मारायचा, म्हणजे गोल्फ इमारतीच्या तळघरात आला. जमीन कमी, मैदानं महाग, हिवाळा कडक, या तिन्ही अडचणींवर एकच उत्तर. बाजारपेठ तयार व्हायला एखादी से री लागते. पण ती टिकायला तळघरं लागतात.

त्या नकाशाबरोबर स्मशानाची गोष्टही गेली, हे मला नाकारता येत नाही. पंधरा मजले, बापाची शिट्टी, सुट्टी नसलेला आठवडा, सगळं वारशात गेलं. आणि अमेरिकेत त्या मुलींचं स्वागत काही फुलांनी झालं नाही. २००३ मध्ये जॅन स्टीफन्सन या नावाजलेल्या खेळाडूने आशियाई मुलींमुळे टूर मरते आहे अशा अर्थाचं बोलून वाद ओढवला आणि मग माफी मागितली. २००८ मध्ये खुद्द एलपीजीएने जाहीर केलं की टूरवर दोन वर्षं काढलेल्या खेळाडूला इंग्रजी यायलाच हवं, नाहीतर निलंबन. तेव्हा टूरवर ४५ कोरियन होत्या. नियम कुणाला डोळ्यांपुढे ठेवून केला होता हे उघड होतं. आरडाओरडा झाला आणि दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. से रीची भूमिका तेव्हा सावध होती: इंग्रजी शिकावं हे खरं, पण निलंबन नको, हवा तर दंड करा. मला हे वाचून आधी राग आला, आणखी ठणकावून बोलायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, विशीत परक्या देशात एकटी येऊन, पत्रकारांच्या प्रश्नांना तुटक इंग्रजीत उत्तरं देत जिने दिवस काढले, तिला या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्यापेक्षा बरी माहीत असणार.

आपल्याकडेही एक पहाट झाली होती. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. बंगळुरूची अदिती अशोक, आईला कॅडी म्हणून बरोबर घेऊन, पदकाच्या इतक्या जवळ होती की ज्यांना बर्डी आणि बोगीतला फरक माहीत नाही तेही शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी दोन तासांत जेवढा गोल्फ शिकवला गेला तेवढा आधी कधी नाही. एका फटक्याने कांस्य गेलं, चौथा क्रमांक. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि देश तिकडे वळला, ते स्वाभाविकच होतं. पण नीरज नसता तरी ‘अदिती किड्स’ झाल्या असत्या का? मला शंका आहे. मुलीने सोमवारी हट्ट धरला तर तिला न्यायचं कुठे? आपली बहुतेक मैदानं क्लबांची किंवा लष्कराची, आणि भिंतीपलीकडची. पहाट दोन्हीकडे झाली, तळघरं एकाच देशात होती.

अदिती रिओलाही होती, २०१६ साली, अवघी १८ वर्षांची. पहिले दोन दिवस ६८, ६८ खेळून तिने लोकांना चकित केलं, मग घसरली. महिलांचं गोल्फ ११६ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतलं होतं आणि कोरियन संघाची प्रशिक्षक होती से री. इनबी पाक तेव्हा अंगठ्याच्या दुखापतीने हैराण होती, तिने येऊ नये असं म्हणणारे बरेच होते. से रीने तिथे काय केलं? बाजारातून सामान आणून मुलींसाठी कोरियन जेवण रांधलं, त्यांच्यावरचं ओझं आपल्याकडे घेतलं, आणि त्यांना झोपू दिलं. इनबीने सुवर्ण जिंकलं आणि से री ढसाढसा रडली. ऑक्टोबरात इंचॉनला तिने स्वतःची शेवटची फेरी खेळली, ८० फटके, अजिबात चांगली नाही, आणि तिथेही रडली.

नंतर ती टीव्हीवर दिसू लागली, घरात स्वयंपाक करणारी, खळखळून हसणारी, सगळ्यांची ‘ऑन्नी’, म्हणजे ताई. २०२० मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात वेगवेगळ्या खेळांतल्या महिला खेळाडू एकत्र येऊन, प्रशिक्षणापायी जे राहून गेलं ते करतात: सहली, तंबूतली रात्र, नुसता टाइमपास. त्यात से री होती. चाळिशी ओलांडलेली विश्वविजेती मौज करायला शिकते आहे, हे बघताना हसू येतं आणि थोडं पोटात कालवतंही.

वडिलांची गोष्ट २०२४ मध्ये संपली, किंवा निदान जाहीरपणे तुटली. से रीच्या प्रतिष्ठानने त्यांच्याविरुद्ध कागदपत्रं बनावट केल्याची तक्रार केली होती. जूनमध्ये तिने पत्रकार परिषद घेतली, वडिलांची कर्जं आपण वर्षानुवर्षं फेडत आल्याचं सांगितलं आणि यापुढे ते शक्य नाही, असंही. बोलता बोलता तिला रडू आवरेना. १९९८च्या कौतुकाच्या लेखांत ज्या बापाच्या शिस्तीचे पोवाडे गायले गेले, त्या लेखकांपैकी किती जणांनी हे पाहिलं कोण जाणे. मी न्यायाधीश नाही आणि त्या घरातलं मला काही कळत नाही. पण मैदानाकडेच्या त्या स्कूटरवाल्या बापांना हा दुसरा भाग पण सांगावासा वाटतो.

हल्ली कोरियात एक हळहळ ऐकू येते. २०१५, २०१७ आणि २०१९ या वर्षी एलपीजीएवर प्रत्येकी १५ स्पर्धा कोरियन मुलींनी जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये फक्त तीन. से रीचा प्रभाव ओसरला, असं त्यावर लिहिलं जातं. मला तसं दिसत नाही. घरच्या टूरवर आता भरपूर बक्षिसं आहेत, प्रायोजक आहेत, गर्दी आहे, आणि बऱ्याच चांगल्या मुली अमेरिकेला जायचंच नाही असं ठरवतात. रविवारी स्पर्धा संपवून रात्री आईच्या हातचं जेवायला घरी पोचता येतं. से रीच्या विशीत ही सोय नव्हती.